श्री. की कै.

छापखानेवाला पहिला प्रश्न तोच विचारतो. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन जा; मुहूर्त, हॉल, मुलाचं नाव हे सगळं मागाहून. आधी तो कागदावरून मान वर न करता म्हणतो, "वडील श्री. की कै.?" त्याचं तरी काय चुकलं? एक हयात, एक कैलासवासी. याखेरीज तिसऱ्या प्रकारचा बाप असतो हे त्याने कशाला ध्यानात ठेवावं? दादरच्या ज्या छापखान्यात मी आईला घेऊन गेले होते, तिथे आमच्या पुढच्या गृहस्थांनी "कै." म्हणून सांगितलं आणि लगेच शाई लाल घ्यावी की सोनेरी ते बघायला लागले. मग आमची पाळी आली. प्रश्न आला, आणि आई वळून पायऱ्या उतरायला लागली.

मी तिच्या मागे धावले. फुलबाजाराच्या गर्दीत तिला गाठलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माका ह्या परक्या माणसाक सांगूचा नाय." मालवणातून येऊन तिचा मुंबईत जन्म गेला होता, पण मनातलं बोलायची तेव्हा ती गावचंच बोलायची.

आता हे श्री. आणि कै. चं प्रकरण काय ते सांगते. माझे बाबा मिलमध्ये साळखात्यात होते, म्हणजे मागावर. संप सुरू झाला तेव्हा मी इतकी लहान की संप म्हणजे बाबांनी दिवसा घरी असणं, एवढंच मला कळायचं, आणि मला ते फार आवडायचं. ते मला खांद्यावर घेऊन गणेश टॉकीजच्या नाक्यापर्यंत चक्कर मारायचे. संप कधी संपला हे लालबागच्या आमच्या चाळीत कुणालाच सांगता येणार नाही. तो संपला नाही, विटत गेला. काही जण गावी गेले, काही जण परत कामावर घेतात का बघायला गेटवर जाऊन उभे राहिले आणि तसेच परत आले. बाबांनी नाक्यावर कांदे-बटाटे विकून पाहिले. एका बिल्डिंगीत वॉचमन म्हणून बसले, ते त्यांना जमेना. येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकताना त्यांचा हात अर्ध्यातच थांबायचा. शेवटी भिवंडीला पॉवरलूमवर लागले. सोमवारी डबा घेऊन जायचे, आठवडाभर तिथेच राहून शनिवारी यायचे. मग एका शनिवारी आले नाहीत. पुढच्याही नाहीत.

काका गावाहून आले, भिवंडीला जाऊन चौकशी करून आले. तिथला माणूस म्हणाला, तो तर कधीच सोडून गेला. कधीच म्हणजे कधी, ते त्याला आठवेना. याचा अर्थ असा की कित्येक सोमवार आमचे बाबा डबा घेऊन घरातून निघत होते आणि आठवडाभर कुठे राहत होते, देव जाणे. काकांनी हे सांगितलं तेव्हा आई रडेल म्हणून शेजारणी दारात येऊन उभ्या होत्या. ती रडली नाही. तिने विचारलं, "मगे ते जेवत खंय होते?"

पोलिसांत तक्रार दिली. परळच्या हॉस्पिटलात बेवारशी कुणी आलं आणि अंगकाठीने जुळतंय असं वाटलं की चौकीतून निरोप यायचा. आई जायची, चादर वर करून बघायची आणि परत यायची. आल्यावर आंघोळ करून देवापुढे साखर ठेवायची, कारण ते बाबा नव्हते. आम्ही दोघी बहिणी ती साखर खायचो. ताई माझ्याहून मोठी, तिला सगळं कळत होतं. मला कळायला लागलं तेव्हापासून मला साखर चालेनाशी झाली. पुढे निरोप येणंही बंद झालं.

आई कुंकू लावत राहिली. मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या, सगळं. चाळीतल्या काही बायका तिला संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलवायच्या, काही मुद्दाम विसरायच्या. काका दरवर्षी गणपतीला गावी गेलो की तिला एका बाजूला घ्यायचे. त्यांचं म्हणणं, माणूस बारा वर्षं दिसला नाही की तो नाही असंच धरतात. दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे, म्हणजे त्याचीही सुटका आणि आपलीही. बारा वर्षं होऊन गेली होती. काका वाईट माणूस नव्हते, भावासाठी रडलेलेही मी त्यांना पाहिलंय. पण आई म्हणायची, "आणि माणूस जितो असलो तर? जित्या माणसाक आगीत घालतंय मी?" दर्भाचा तो माणूस वर्षानुवर्षे नुसता बोलण्यातच राहिला.

मग ताईचं लग्न ठरलं. चिंचपोकळीचं घर, माणसं चांगली. मुलाचे वडील भजनी बुवा, गोड गळ्याचे आणि तितकेच गोड बोलणारे. त्यांनी एकदाच, अगदी हळू आवाजात सांगितलं, "आमचं काही म्हणणं नाही. पण पत्रिकेत काय ते एक घाला. लोक आम्हाला विचारतात." म्हणजे पुन्हा तेच. आणि पत्रिकेत कै. घातलं की मुलीच्या शेजारी पाटावर कोण बसणार, कन्यादान कोण करणार, आई मांडवात कुठे उभी राहणार, हे सगळं त्या एका अक्षराबरोबर ठरूनच येणार होतं. आईला ते पक्कं ठाऊक होतं. तिला श्री. हवा होता. दुसरं काहीच तिने लग्नात मागितलं नाही; शालू नको म्हणाली, मानपान नको म्हणाली. "ह्यांच्या नावाफुडे श्री. होयो," एवढंच.

मी तेव्हा दादरला एका डीटीपीच्या दुकानात मराठी टायपिंग करत होते. दुकानात नवं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, आलं तेव्हा जुनं मालकाने मला दिलं, आणि ते आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ट्रंकेवर येऊन बसलं. चालू केलं की ते जात्यासारखं घरघरायचं. पण मराठी अक्षरं त्यात सुरेख दिसायची. छापखान्यातून परत आलो त्या संध्याकाळी मी ताईची पत्रिका त्याच्यावर बसवली. आई माझ्या मागे मोड्यावर बसली होती. ती चौथीपर्यंत शिकलेली, अक्षराला अक्षर लावून वाचायची. वाचत वाचत "सौ. व श्री." पर्यंत आली आणि थांबली. मग बोट पुढे करून काचेवर त्या श्री ला हात लावला. काचेला हात लावलेला मला मुळीच खपायचा नाही, डाग पडतात. त्या दिवशी तो डाग मी पुसला नाही.

माझ्याकडे प्रिंटर नव्हता, आणि दुकानातल्या परक्या लोकांसमोर आईला ही पत्रिका छापायची नव्हती. प्रिंटर गिरगावात मावसभावाकडे होता. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, विधवा; तिचा मुलगा, आमचा दादा, घरी बसून छोट्या कंपन्यांचे हिशेब लिहून द्यायचा. त्याचं मशीन माझ्यापेक्षा बरंच नवं, आणि प्रिंटर तर इतका चकाचक की मावशी त्याच्यावर रोज धुतलेला टॉवेल घालायची. तो उचलून लालबागला आणण्याची सोय नव्हती, कारण त्याच्या वायरीचं तोंड माझ्या म्हाताऱ्या मशीनला लागतच नव्हतं. मग राहता राहिली फ्लॉपी. पत्रिका फ्लॉपीवर घ्यायची, बसने गिरगावला जायचं, दादाच्या मशीनमध्ये घालायची, छापायची, जाड कागदावर. एका दुपारचं काम, असं मला वाटलं होतं. मी रोज हेच तर करून पोट भरत होते.

पहिल्या खेपेला फाइल उघडली आणि पडद्यावर नुसती किड्या-मुंग्यांची रांग. इंग्रजी अक्षरं, टिंबं, प्रश्नचिन्हं. दादा म्हणाला, "काय गं, लग्न चीनमध्ये आहे काय?" माझा मराठी फॉन्ट त्याच्या मशीनमध्ये नव्हता, हे मला आधीच सुचायला हवं होतं, पण दुकानात सगळ्या मशीनवर तोच फॉन्ट, त्यामुळे तो बरोबर न्यावा लागतो हे डोक्यातच आलं नाही. चडफडत परत आले. दुसऱ्या दिवशी फॉन्ट दुसऱ्या फ्लॉपीवर घेऊन पुन्हा गिरगाव.

फॉन्ट घातला, फाइल उघडली, आणि सगळं मराठी झालं. ताईचं नाव आलं, मुहूर्त आला, हॉलचा पत्ता आला. फक्त श्री आला नाही. जिथे जिथे श्री होता तिथे एक रिकामा चौकोन. पत्रिकेच्या डोक्यावर चौकोन, "चौकोनकृपेकरून", आणि बाबांच्या नावापुढे चौकोन.

त्या काळच्या मराठी फॉन्टची गंमत अशी होती की प्रत्येक अक्षराचा एक ठरलेला खण असायचा, फडताळातल्यासारखा. माझ्या मशीनमध्ये ज्या खणात श्री ठेवलेला होता, तो खण दादाच्या नव्या मशीनने कसल्या तरी परदेशी चिन्हासाठी राखून ठेवला होता. बाकीची अक्षरं आपापल्या जागी. श्री तेवढा बाहेर. आज फोनवरून कुणालाही श्री पाठवा, जसाच्या तसा पोचतो, त्यामुळे हे आता कुणाला सांगूनही खरं वाटत नाही. तेव्हा मात्र ते असंच होतं, आणि मी कपाळाला हात लावून बसले.

दादाने हिकमत सुरू केली. डोक्यावर गणपतीचं चित्र टाकलं. "श्रीकृपेकरून" काढून कुलदेवतेची कृपा घातली. मुलाचे वडील बुवा, त्यांच्या नावापुढे ह. भ. प. लागतं, ते सुटले. अडकले ते आमचे बाबा. श आणि र तोडून-जोडून लावून बघितले, तर "श्‌री" असं लंगडं काहीतरी उमटलं. बाबांच्या नावापुढे ते मोडकं अक्षर घेऊन मी आईपुढे जाणार नव्हते. मग दादाने, नुसतं तपासायला म्हणून, चौकोन पुसून तिथे कै. टाइप केलं. स्वच्छ आलं. टिंबासकट.

"हे बघ, कै. येतंय," तो म्हणाला.

"हात काढ," मी म्हणाले. "कीबोर्डवरून हात काढ आधी." माझा आवाज असा चढला की मावशी स्वयंपाकघरातून बघायला आली. दादाच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी त्याला कै. पुसायला लावलं आणि चौकोन परत आणायला लावला. फाइल तशीच त्याच्या मशीनमध्ये ठेवून मी निघाले.

यावर उपाय होता. सबंध पत्रिकेचं माझ्या मशीनवरच चित्र करायचं. चित्र म्हटलं की मग फॉन्टचा प्रश्न नाही; श्री हा श्री राहत नाही, नुसती काळी रेघ होतो, आणि रेघ कुठल्याही मशीनला दिसते. चित्र फ्लॉपीत मावेना. रंग काढले, महिरप काढली, कडेच्या वेलबुट्ट्या काढल्या, तेव्हा मावलं. जिवावर आलं होतं पण केलं. आईला सांगितलं, आता श्री. कुठे जात नाही, उद्या छापून आणते. ती म्हणाली, "मीय येतंय. पयली पत्रिका निघताना माका बघूची हा." किती तरी वर्षांनी तिला कुठे जावंसं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती ठेवणीतली साडी नेसून तयार होती. फ्लॉपी तिने स्वतःच्या पिशवीत, रुमालात बांधून घेतली होती. मला हात लावू देईना.

मावशीकडे पोचलो. वहिनी, दादाची बायको, बाजारात गेली होती. मावशीने चहा टाकला. दादाने फ्लॉपी आत सरकवली आणि मशीन विचित्र खरखरलं. पुन्हा काढली, पुन्हा घातली. पडद्यावर सूचना आली की डिस्क वाचता येत नाही. तिसऱ्यांदा काढली तेव्हा दादाने ती उजेडात धरली आणि त्याचा चेहरा बदलला. "हे काय लावलंय?"

फ्लॉपीला एक पत्र्याचं सरकतं दार असतं, आतली काळी चकती झाकणारं. त्या दाराच्या फटीतून लाल-पिवळी पूड गळत होती.

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "हळदकुंकू लावलंय. शुभकार्य मां?" लग्नाची पहिली पत्रिका निघते तेव्हा तिला हळदकुंकू लावतातच. तिने सकाळी देवापुढे फ्लॉपी ठेवली, वरून बोट लावलं, मग तिला ते पत्र्याचं दार सापडलं. पत्रिका आत आहे असं मीच सांगितलं होतं. मग बाहेरून लावून काय उपयोग? तिने दार सरकवून आत चिमूट चिमूट वाहिलं, व्यवस्थित, पाच बोटांनी.

मी हसणार होते. खरंच, हसू ओठापर्यंत आलं होतं. पण दादाने मशीनचं झाकण उघडलं, स्पिरिटच्या कापसाने आत पुसायला लागला, आणि कापसाचा बोळा लालभडक होऊन बाहेर आला. आई त्या बोळ्याकडे बघत होती. "मोडला काय?" तिने विचारलं.

"मशीन ठीक आहे गं," दादा म्हणाला. "फ्लॉपी गेली. आतलं गेलं सगळं."

"काही बिघडत नाही," मी म्हणाले. "घरी आहे ना फाइल. उद्या दुसऱ्या फ्लॉपीवर आणते. अर्ध्या तासाचं काम."

आईने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. तिने दादाला विचारलं, "हिनां काल आणलेला ता खंय आसा?" दादाने कालची फाइल उघडली. ती जवळ सरकली, अक्षराला अक्षर लावत बाबांच्या नावापर्यंत आली, आणि चौकोनावर बोट ठेवलं. "हय काय होता?"

"तिथे श्री. होता. या मशीनला तो दिसत नाही."

"आणि दुसरा? ता दिसता?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नाही म्हटलं. पण आईला कुणी तरी खोटं बोलतंय हे नेहमी कळायचं. "घाल बघया," ती त्याला म्हणाली. तो तिचं कधी मोडायचा नाही. त्याने टाइप केलं. कै. आलं.

आईने ते बोट लावून वाचलं. मग म्हणाली, "देवान कौल दिल्यान."

ज्यांना गावची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे मोठा प्रश्न पडला की देवळात कौल लावतात. देवाच्या अंगाला कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवायचे, प्रश्न विचारायचा, आणि उजवीकडचा कळा पडतो की डावीकडचा ते बघत बसायचं. उजवा म्हणजे होय, डावा म्हणजे नाही. माणसं त्यावर सोयरीक ठरवतात, घर बांधतात, भांडणं मिटवतात. आईने बाबांसाठी कधीच कौल लावला नव्हता. काका कितीदा म्हणाले, मावशी म्हणाली. ती लावत नव्हती, कारण डावा पडला असता तर. आणि आता गिरगावात, दादाच्या टेबलापाशी उभी राहून, तिने तो आपोआप लागला असं धरून टाकलं होतं.

माझं डोकं फिरलं. "आई, हा कौल नाही. हा फॉन्ट आहे." मी तिला खण सांगितले, फडताळ सांगितलं, नवं मशीन, जुनं मशीन, हळदीची पूड चकतीवर कशी घासली ते सांगितलं. जेवढं सांगत गेले तेवढं ते माझं मलाच खोटं वाटायला लागलं. मशीनमधल्या हजार गोष्टी चालतात आणि नेमका बाबांच्या नावापुढचा श्री. चालत नाही, याला फॉन्ट म्हणायचं काय? मी म्हणत राहिले.

"माझ्याच कुंकवान मोडला ना?" ती म्हणाली.

"पुडीने मोडलं. कुंकवाच्या जागी पीठ असतं तरी मोडलं असतं."

"पण पीठ नाय होता."

"उद्या नवी फ्लॉपी आणते म्हटलं ना. अजून एकदा. फक्त एकदा."

"दोनदा इचारून झाला. तिसऱ्यांदा कौल मागनत नाय." मग तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा. "ह्या मशीनाक तुझो बापूस म्हायत नाय. म्हणान ता खरा सांगता. आमका सगळ्यांका ते म्हायत होते, म्हणान आमी खोटा बोलत ऱ्हवलंव. दमलंय गो मी. घाल. कै. घाल."

मी घातलं नाही. दादानेही नाही, ते पडद्यावर होतंच, त्याने फक्त पुसलं नाही. मग त्याला पुढची अडचण दिसली. बाबा कै. आणि आई सौ., हे काही जुळेना. "मावशी, मग तुझ्या नावापुढे श्रीमती," असं आईला पुटपुटत त्याने टाइप केलं, आणि पडद्यावर चौकोन आला आणि त्यापुढे "मती". श्रीमतीतही श्री असतो. तोच तो. त्या मशीनवर माझ्या आईला नवराही मिळत नव्हता आणि नवऱ्यावाचूनचं साधं, आजकालचं नावही मिळत नव्हतं.

मावशी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने कप खाली ठेवले आणि अगदी मायेने, बहिणीला अंगावरची साडी काढून द्यावी तसं म्हणाली, "गं. भा. घाल रे. ह्याच्या लग्नाच्या पत्रिकेत माझ्या नावाक तसाच होता. ता येतला बघ."

गंगाभागीरथी. शाळेत असताना जुन्या पत्रिकांवर ते वाचून आम्ही मुली हसायचो, म्हाताऱ्या आज्यांना लावायचा शब्द म्हणून. माझी आई तेव्हा पन्नाशीचीही नव्हती. दादाने ग टाइप केला, अनुस्वार दिला, टिंब दिलं, भा, टिंब. सगळं जागच्या जागी आलं.

आणि प्रिंटरनेही दगा दिला नाही. मी मनातून प्रार्थना करत होते की कागद अडकावा, शाई संपावी, लाइट जावी, काहीही व्हावं. एरवी त्याचे शंभर नखरे. त्या दुपारी एकामागून एक पत्रिका अशा निघत गेल्या की दादालाही आश्चर्य वाटलं. मला त्या यंत्राची शिसारी आली.

पुढचं सगळं पत्रिकेप्रमाणे झालं. काका लग्नाआधी गावी जाऊन दर्भाचा माणूस करून आले. ताईचं कन्यादान काका-काकूंनी केलं. आई मांडवात मागच्या खुर्चीवर बसली होती आणि अक्षता टाकताना तिचा हात वर गेलेला मला दिसला. बाबा आले नाहीत. ते गेल्याचंही कुणी कधी सांगितलं नाही. आई वारली तेव्हा तिच्या निधनाच्या पत्रकात नावापुढे काय लिहायचं हा प्रश्न कुणाला पडला नाही, आणि त्याचंही मला रडू आलं.

पण मला छळतं ते लग्न नाही, ती दुपार. पत्रिकांचा गठ्ठा बांधून आम्ही निघालो, चपला घालत होतो, तेवढ्यात वहिनी बाजारातून आली. तिला आत काय झालं ते काहीच ठाऊक नव्हतं. "काय हो मावशी, मी यायच्या आत निघालात?" आईला म्हणत तिने पिशवी टेकवली, हात धुतले आणि देव्हाऱ्यातला करंडा घेऊन लगबगीने दाराशी आली, सवाष्ण घरातून निघताना येतात तशी. आईच्या कपाळावर सकाळी लावलेलं कुंकू होतं, ठसठशीत. मी आणि मावशी काही बोलायच्या आत वहिनीने कुंकवाचं बोट पुढे केलं.

आई एक पाऊल मागे सरली.

"माका नको गो आता," ती म्हणाली. "हिका लाव."